लक्ष्य, लक्षण आणि भातखंडे यांची आधुनिकता

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अभिजात संगीतात जी आधुनिकता अवतरली, तिची दिशा युरोपात व महाराष्ट्रात परस्परविरुद्ध होती. युरोपात स्वरलेखन व स्वरसंवादाचे नियम कित्येक शतके रूढ होते; तेथील नवे रचनाकार ते नियम मोडू लागले. आर्नोल्ड शोनबर्ग याने १९०८ मधील आपल्या दुसऱ्या तंतुवाद्य-चतुष्काच्या अखेरच्या भागात आधारस्वराचे बंधन जवळजवळ सोडून दिले. याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) मौखिक परंपरेतून नियम शोधून काढीत होते. १९१० मध्ये त्यांचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या गुरुशिष्य-संवादरूप मराठी ग्रंथमालेचा आरंभही त्याच वर्षीचा.

ग्रंथनामातील 'लक्ष्य' हा शब्द अर्थपूर्ण आहे. व्याकरणशास्त्रात लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग व लक्षण म्हणजे त्याचा नियम. प्राचीन ग्रंथांतील रागलक्षणे प्रचलित गायनाशी जुळत नाहीत, असे दिसताच भातखंडे यांनी प्रचाराला प्रमाण मानले. जिवंत भाषेचे व्याकरण लिहिणारा अभ्यासक हेच करतो. रागांचे दहा थाटांत केलेले वर्गीकरण हे या व्याकरणाचे सूत्ररूप होय.

सूत्रांची मर्यादाही येथेच ध्यानात येते. भूप व देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर येतात. तरी भूप कल्याण थाटात व देशकार बिलावल थाटात घातला आहे. भूपात गंधार वादी असून त्याचा विस्तार पूर्वांगात होतो. देशकारात धैवत वादी असून उत्तरांग प्रबळ असते. तीच वर्णमाला असूनही दोन भाषा भिन्न असाव्यात, तसा हा प्रकार. अर्थात केवळ स्वरांच्या यादीवरून राग सिद्ध होत नाही. ही भिन्नता भातखंडे यांनी वादी स्वर, अंग व चलन यांच्या आधारे नोंदविली.

स्वरलिपीविषयीही असेच म्हणता येईल. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेसाठी वक्र रेघ, अशी तिची चिन्हे सुटसुटीत आहेत. परंतु दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार व भीमपलासीचा गंधार या दोहोंस कोमलाचे चिन्ह एकच. लिखित अक्षर उच्चारातील हेल सांगत नाही, त्याप्रमाणे हे चिन्ह आंदोलनाची गती सांगत नाही; ती गुरुमुखातूनच शिकावी लागते.

म्हणून भातखंडे यांचे कार्य दुहेरी दृष्टीने पाहिले पाहिजे. घराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी 'क्रमिक पुस्तकमालिके'मुळे घराण्याबाहेरील विद्यार्थ्यास उपलब्ध झाल्या. १९२६ मध्ये लखनौ येथे स्थापन झालेल्या मॅरिस महाविद्यालयात त्यांच्या पद्धतीने वर्ग सुरू झाले. मात्र छापील बंदिशीलाच राग समजणे म्हणजे व्याकरण पाठ करून भाषा अवगत झाली असे मानणे होय. लक्ष्य बदलले की लक्षणही पुन्हा तपासावे, हे तत्त्व भातखंडे यांनी प्राचीन ग्रंथांना लावले. आज तेच त्यांच्या ग्रंथांनाही लावणे, हेच त्यांच्या पद्धतीस धरून होईल.