दम लागतो, टीबी निघत नाही? डॉक्टरांना जुन्या नोकरीचं सांगा

मुंबईत २५-३० वर्षं कारखान्यात काढून गावी परतलेली माणसं पाटण, जावळी, शिराळ्यापासून खेड-पोलादपूरपर्यंत गावोगाव आहेत. त्यातल्या काहींना साठीनंतर चढ चढताना दम लागू लागतो, कोरडा खोकला हटत नाही. वय झालं, बिडी ओढली, दमा असेल, असं म्हणत वर्षं निघून जातात. थुंकी तपासली तर टीबी निघत नाही आणि पंप ओढूनही फारसा फरक पडत नाही. अशा वेळी एक प्रश्न बहुतेक वेळा विचारायचाच राहून जातो: तरुणपणी काम कशाच्या धुळीत केलं?

धूळ तेव्हाची, आजार आत्ताचा

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतूंचं खनिज. ते जळत नाही, म्हणून सिमेंटचे पत्रे आणि पाइप, गाड्यांचे ब्रेक लायनर, क्लच, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं वेष्टण, गास्केट, दोऱ्या अशा अनेक वस्तूंत ते वापरलं गेलं. त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. श्वासाबरोबर आत गेले की फुफ्फुसात वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांच्याभोवती हळूहळू व्रण तयार होतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. याला अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. याच तंतूंमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कॅन्सरही होऊ शकतो.

हे आजार लगेच दिसत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसिस दिसायला साधारण १० ते ४० वर्षं लागतात. मेसोथेलिओमाला २० ते ५० वर्षंही लागू शकतात. म्हणजे नोकरी सुटून, कारखाना बंद पडून, माणूस शेतीत रमल्यावर आजार वर येतो. त्यामुळे समोरच्या डॉक्टरांना तो शेतकरीच दिसतो, कामगार दिसत नाही.

कोणी सावध राहायचं?

- सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनर, गास्केट बनवणाऱ्या कारखान्यात काम केलेले.
- गिरण्या, वीज केंद्रं, रसायन कारखान्यांत बॉयलर आणि पाइपांचं वेष्टण चढवणारे-काढणारे.
- मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातमधल्या अलंगला जहाजं तोडायला गेलेले.
- जुन्या इमारती पाडणारे, पत्रे कापणारे.
- अशा कामगारांचे धुळीचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायका. कारखान्याची पायरी न चढताही त्यांना आजार झाल्याची उदाहरणं जगभर नोंदली गेली आहेत.

घरावर सिमेंटचा पत्रा आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही. धड पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. तो कोरडा कापला, फोडला, घासला की धोका वाढतो. काढायची वेळ आलीच तर पाणी मारून अख्खा उतरवा. चुरा कोरड्या झाडूने झाडू नका.

आधी तालुक्याला काय करायचं?

थेट पुण्या-मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. २ आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते आणि ती टाळायची नाही, कारण टीबी आणि धुळीचा आजार एकाच माणसाला असू शकतात. त्यानंतर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढा आणि पुढच्या तज्ज्ञाकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागा.

छातीत पाणी झालं असेल तर ते काढून प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं का, हे जरूर विचारा. पाणी म्हणजे टीबीच, असं दरवेळी नसतं.

नेमका कोणता डॉक्टर?

'छातीचा डॉक्टर' म्हटलं की बरेच जण हृदयाच्या डॉक्टरकडे जातात. इथं हवा फुफ्फुसविकार तज्ज्ञ. पाटीवर एमडी किंवा डीएनबी रेस्पिरेटरी मेडिसिन, एमडी पल्मोनरी मेडिसिन, एमडी टीबी अँड चेस्ट, डीएम पल्मोनरी मेडिसिन किंवा डीटीसीडी अशी पदवी असते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर मोबाइलवरूनच पडताळता येतो.

नंबर लावण्याआधी दवाखान्यात फोन करून तीन गोष्टी विचारा:

१. पीएफटी, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी, इथं होते का? तिच्यासोबत डीएलसीओ होते का? फुफ्फुसातून वायू रक्तात किती जातो, ते यात कळतं.
२. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक सीटी स्कॅन, कुठं करायचा? सुरुवातीचा आजार साध्या एक्स-रेत सुटू शकतो, तो यात दिसतो.
३. कामाच्या धुळीमुळे होणारे आजार डॉक्टर पाहतात का?

पुण्याचं ससून, मिरज आणि कोल्हापूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, मुंबईत केईएम, जे. जे., नायर आणि सायन या रुग्णालयांत श्वसनविकार विभाग आहेत. कॅन्सरचा संशय असेल तर परळचं टाटा मेमोरियल आहे. धुळीच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था अहमदाबादला आहे.

खिशात हा कागद न्या

तज्ज्ञ कितीही मोठा असला तरी तुम्ही काय काम केलं ते त्याला स्कॅनवरून वाचता येत नाही. म्हणून घरीच एका कागदावर सगळं लिहून काढा: कोणतं वर्ष ते कोणतं वर्ष, कारखान्याचं नाव, कोणतं खातं, हातात नेमकं काय काम, धूळ किती, तोंडाला काही बांधायचो का. 'फिटर होतो' एवढं पुरत नाही. '१९७८ ते १९९४, ब्रेक लायनर घासायच्या मशीनवर' असं लिहा. बिडी-सिगारेट किती वर्षं ओढली तेही लपवू नका. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

सोबत कंपनीचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफ आणि ईएसआयचे कागद, जुने एक्स-रे न्या. जुनी फिल्म टाकून देऊ नका. १० वर्षांपूर्वीचा एक्स-रे शेजारी ठेवला की बदल लगेच कळतो.

केसपेपरवरच्या एका ओळीची किंमत

तपासणीनंतर निदान झालं तर केसपेपरवर आजाराचं नाव आणि तो कामामुळे झाला असल्याचं स्पष्ट लिहून मागा. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे. नुसतं 'जुनाट दमा' लिहिलं गेलं तर भरपाईचा दावा तिथंच अडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातली जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायच्या, असा आदेश कारखान्यांना दिला. त्यामुळे जुन्या कंपनीकडे आपल्या नोंदी लेखी मागता येतात. ईएसआयचे विमाधारक असलेल्यांनी आपल्या ईएसआय कार्यालयात दाव्याची चौकशी करावी. आजार आणि अपंगत्व किती, हे तिथलं विशेष वैद्यकीय मंडळ ठरवतं. कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही अर्ज करता येतो.

औषध काय?

फुफ्फुसात बसलेले तंतू बाहेर काढणारं औषध आज कुठंच नाही. 'फुफ्फुस साफ करतो' म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. मात्र बिडी सोडणं, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम, गरजेनुसार ऑक्सिजन आणि ठरलेल्या वेळी तपासणी यामुळे त्रास आवरता येतो, कॅन्सरचा संशयही लवकर येतो. खोकल्यातून रक्त पडलं, ओठ निळे पडले किंवा अचानक श्वास कोंडला तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

एकाला हा आजार निघाला तर त्याच खात्यात सोबत काम केलेल्या गाववाल्यांनाही कळवा. धूळ सगळ्यांनी सारखीच खाल्लेली असते.