वारा, वाळू आणि दीपस्तंभ

विद्यार्थी-विनिमयाच्या योजनेनुसार आम्हीं कांहीं दिवस डेन्मार्क देशांत काढिले. त्यांतील एक दिवस यजमान शाळेच्या मुलांबरोबर जटलंड द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर गेला. तेथें आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम आम्हीं रुब्येर्ग क्नूदे येथील दीपस्तंभ पाहिला. बसमधून उतरतांच वाऱ्यानें टोप्या उडविल्या. बोलावयास तोंड उघडावें तों दांतांखालीं वाळू करकरूं लागली. सुमारें ६० मीटर उंच कड्यावर हा २३ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. १९०० सालीं त्यांतील दिवा प्रथम लागला, तेव्हां समुद्र सुमारें २०० मीटर दूर होता. पुढें लाटा कड्याचा पायथा पोखरीत गेल्या, आणि वारा वाळू उचलून वर रचीत गेला. ढीग इतके वाढले कीं समुद्रावरून दिवा दिसेना. १९६८ सालीं तो बंद झाला. शेवटीं कड्याची धार अगदीं जवळ आली, तेव्हां २०१९ च्या ऑक्टोबरांत अख्खा मनोरा रुळांवरून सुमारें ७० मीटर आंत सरकविण्यांत आला.

तेथून उत्तरेस स्कागेन गांवाजवळ चौदाव्या शतकांतील एका चर्चचा केवळ पांढरा मनोरा उरला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत उपासनेस येणाऱ्या लोकांस दारापुढील वाळू उपसून आंत जावें लागे. १७९५ सालीं तें चर्च बंद करण्यांत आलें. पुढें इमारत पाडिली. मनोरा मात्र खलाशांस खूण म्हणून राखिला.

आतां ही वाळू उडते कां? गवताचीं व झाडांचीं मुळें वाळूस धरून ठेवितात. पूर्वीच्या लोकांनीं झाडें तोडिलीं, गुरें मनसोक्त चारिलीं. उघडी पडलेली वाळू वाऱ्याच्या हातीं सांपडली. तिला आवरण्यासाठीं पुढें मारम नांवाचें गवत लाविलें. वाळू अंगावर पडली म्हणजे हें गवत अधिकच जोमानें वर येतें. आपल्या कोंकणांतही किनाऱ्यावर सुरूचीं झाडें लावितात, तीं वाऱ्यास व वाळूस आवरण्यासाठींच. रोब्येर्ग मीले ही एक टेकडी मात्र तेथें मुद्दाम मोकळी ठेविली आहे. ती वर्षास १८ मीटरांपर्यंत पूर्वेकडे सरकते!

परततांना आमच्यापैकीं एकानें विचारिलें, "मनोरा मागें नेला, हा पराजय नव्हे काय?" यजमान विद्यार्थी म्हणाला, "समुद्र आम्हांस अडवितां आला नाहीं. कांहीं वर्षें मिळालीं, तेवढीं मिळविलीं."

तें उत्तर आम्हांस पटलें. तरीही मनांत येत राहिलें तें वाळूंत गेलेलें चर्च. आजोबांनीं तोडिलेल्या झाडाची किंमत नातवांनीं फावड्यानें भरिली, आणि तरी ती पुरी झाली नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील झाडास हात लावण्यापूर्वीं हें आम्हीं विसरूं नये.