पाच मीटरवर श्वास रोखून

स्पेसएक्सचा डॉकिंग सिम्युलेटर अजून खेळला नसाल, तर आज रात्रीच उघडा. ब्राउझरमध्ये चालतो आणि फुकट आहे. क्रू ड्रॅगन यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला हाताने जोडायचं. पडद्यावरची मांडणी अंतराळवीरांच्या टचस्क्रीनवर असते तशीच. एरवी ड्रॅगन आपोआप जोडलं जातं, पण 2020 मध्ये पहिल्या समानव उड्डाणात डग हर्ली यांनी स्थानकाजवळ ते हाताने चालवून पाहिलं होतं.

माझे पहिले दोन प्रयत्न फसले, कारण हात गाडीच्या सवयीचा. गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वेग उतरतो. इथे हवा नाही, घर्षण नाही. बटण एकदा दाबलं की यान सरकतच राहतं, आणि थांबवायचं तर उलट दिशेला तेवढाच झटका द्यावा लागतो. डावीकडे दोनदा दाबलंत, तर उजवीकडेही दोनदाच.

म्हणून आधी यान तिन्ही अक्षांवर सरळ करा, मग वर-खाली नि डावं-उजवं जुळवा, पुढे जाणं शेवटी. मधले हिरवे आकडे 0.2 च्या खाली आले पाहिजेत, जवळ येण्याचा वेगसुद्धा. शेवटचे पाच मीटर अक्षरशः मुंगीच्या पावलांनी!

16 जानेवारी 2025 ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले प्रत्येकी साधारण 220 किलोचे दोन उपग्रह असेच जुळले, तेही स्वयंचलित. हा खेळ खेळल्यावर त्या बातमीचं मोल मला खरं कळलं.

तुमचं कितव्या प्रयत्नात जमलं, नक्की सांगा.