डेंटल डॅम : दाताभोवतीचा बांध, संसर्गापुढचा पडदा

पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्यातील धानशेतीचा आणि जंगलाचा तालुका. या पट्ट्यात 'डॅम' म्हटले की डोळ्यांपुढे तलावाची पाळ उभी राहते. पाणी ज्या बाजूला हवे त्या बाजूला धरून ठेवायचे आणि नको तेथे जाऊ द्यायचे नाही, हे पाळीचे काम. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. दंतवैद्यकातील 'डॅम' या शब्दामागेही नेमकी हीच कल्पना आहे. फरक इतकाच, की तेथे अडवायची असते ती लाळ.

'डेंटल डॅम' किंवा 'रबर डॅम' म्हणजे रबराचा पातळ, चौकोनी पडदा. त्याची बाजू साधारण पाच ते सहा इंचांची असते. न्यूयॉर्कमधील दंतवैद्य सॅनफोर्ड ख्रिस्ती बार्नम यांनी 1864 मध्ये तो प्रथम वापरला. ज्या दातावर उपचार करायचा तो दात पडद्याला पाडलेल्या छिद्रातून बाहेर काढला जातो आणि धातूच्या चिमट्याने पडदा दाताच्या मुळाशी घट्ट बसवला जातो. दात कोरडा राहतो आणि उरलेले तोंड पडद्याआड जाते.

रूट कॅनाल उपचारात याचे महत्त्व विशेष आहे. दाताच्या आतील पोकळी साफ करताना लाळेतील जीवाणू पुन्हा आत शिरले, तर सारा उपचार वाया जाऊ शकतो. शिवाय या उपचारात सुईसारखी बारीक उपकरणे आणि जंतुनाशक द्रावण वापरले जाते. उपकरण निसटून घशात जाणे किंवा द्रावणाने तोंडातील त्वचा भाजणे, हे दोन्ही धोके या पडद्यामुळे टळतात. रूट कॅनाल करून घेणाऱ्या रुग्णाने 'रबर डॅम लावणार का?' असे दंतवैद्यांना विचारण्यात गैर काहीच नाही.

हाच शब्द लैंगिक आरोग्याच्या पुस्तिकांत आढळतो, तेव्हा मात्र अनेकांचा गोंधळ उडतो. 1980 च्या दशकात एचआयव्हीची साथ जगभर पसरली आणि संसर्ग रोखणाऱ्या साधनांचा शोध सुरू झाला. मुखमैथुनाच्या वेळी पुरुषाने निरोध वापरता येतो; परंतु स्त्रीच्या जननेंद्रियाशी किंवा गुदद्वाराशी तोंडाचा संपर्क येत असेल तर काय, हा प्रश्न उरत होता. पाश्चात्त्य देशांतील आरोग्य कार्यकर्त्यांनी त्यासाठी दंतवैद्यांचा हा पडदा सुचवला. पुढे या कामासाठी अधिक पातळ व मोठ्या आकाराचे पडदे निघाले, पण नाव 'डेंटल डॅम' हेच राहिले. दाताशी त्याचा संबंध आता नावापुरताच आहे.

मुखमैथुनातून एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता फार कमी मानली जाते. मात्र नागीण, परमा, गरमी आणि ह्यूमन पॅपिलोमा विषाणू यांचा संसर्ग त्यातून होऊ शकतो. गुदद्वाराशी संपर्क आल्यास हिपॅटायटिस 'ए' आणि आतड्याचे संसर्गही संभवतात. डॅममुळे त्वचेचा आणि स्रावांचा थेट संपर्क टळतो व धोका कमी होतो. मात्र निरोधाइतका सखोल अभ्यास या साधनाचा झालेला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

वापराचे नियम साधे आहेत. प्रत्येक वेळी नवा पडदा घ्यावा; त्याला छिद्र नाही ना आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. तो ताणून न धरता नुसता पसरून ठेवावा. एकदा ठरलेली बाजू उलटू नये आणि एका जागी वापरलेला पडदा दुसऱ्या जागी वापरू नये. खोबरेल तेल, व्हॅसलीन यांसारख्या तेलकट पदार्थांनी लॅटेक्स कमकुवत होते, म्हणून पाण्यात विरघळणारे वंगणच वापरावे. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा पडदा निवडावा. आपल्याकडील औषध दुकानांत डेंटल डॅम सहसा मिळत नाही. अशा वेळी न वापरलेल्या निरोधाचे टोक आणि कडा कापून तो उभा चिरला, की तसाच पडदा तयार होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणामुळे तोंडाच्या आतील त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडणे कठीण होऊन बसते. दोन बोटेही आत जाऊ न शकणाऱ्या तोंडात रबर डॅम बसवणेच काय, साधी दाढ तपासणेही अवघड होते. हीच अवस्था पुढे कर्करोगाकडे नेऊ शकते. हिरड्यांतून रक्त येणे, तोंडात व्रण असणे यांमुळे मुखमैथुनातील संसर्गाचा धोकाही वाढू शकतो, असे तज्ज्ञ मानतात. तोंडाचे आरोग्य आणि लैंगिक आरोग्य हे दोन वेगळे कप्पे नव्हेत, ते असे.

तरीही खरा अडथळा साधनाचा नसून बोलण्याचा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचे आढळले. त्यांपैकी पूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या केवळ 8 टक्के. आजार घरोघर होता, पण तो सांगण्याची सोय नव्हती. त्याच्याही कितीतरी आधी, 1927 पासून, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून या विषयांवर मराठीत मोकळेपणाने लिहिले आणि त्यापायी न्यायालयाची पायरीही चढली. मराठीत शब्द नाहीत असे नाही. ते उच्चारण्याचे धैर्य अपुरे पडते.

कायद्याचा धाकही यात होता. कलम 377 नुसार मुखमैथुन गुन्हा ठरू शकत असे, त्यामुळे डॉक्टरांपुढे ते कबूल करणेही अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे खासगी संबंध या कलमातून वगळले. आता डॉक्टरांना खरे सांगण्यात कायद्याची आडकाठी नाही, आणि घशातील दुखण्यामागचे कारण कळल्याशिवाय योग्य तपासणीही होत नाही.

कोणताही पडदा संपूर्ण हमी देत नाही. व्रण, फोड, स्राव किंवा गाठ दिसल्यास संबंध टाळून दोन्ही जोडीदारांनी तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 1097 या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही शंका विचारता येतात. पॅपिलोमा विषाणूविरुद्ध लसही उपलब्ध असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या भारतीय लसीला 2022 मध्ये मान्यता मिळाली आहे. डेंटल डॅम हा या साऱ्या उपायांतील एक लहानसा उपाय आहे. त्याचा अर्थ ठाऊक असला, तर दंतवैद्यांच्या खुर्चीत आणि शयनगृहात, दोन्हीकडे योग्य प्रश्न विचारता येतो.