अकस्मात धडधड : मनाचे खेळ नव्हेत

पंचविशीतील एखादी शिक्षिका फळ्यावर लिहीत असताना तिचे हृदय एकाएकी धडधडू लागते. धावपळ नाही, संताप नाही, भीती नाही. तरीही नाडी मोजता येऊ नये इतकी जलद चालते. हातपाय गळतात, घाम फुटतो, मानेतील शिरा उडू लागतात. अर्ध्या तासाने ही धडधड जशी आली तशीच क्षणात थांबते. घरी कोणी अशक्तपणा म्हणते, कोणी अंगारा लावते. दवाखान्यात पोचेपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असते व तपासणीत काहीच आढळत नाही. परिणामी अशा तरुणांची, विशेषतः तरुण स्त्रियांची, तक्रार वर्षानुवर्षे मनाचे खेळ म्हणून बाजूस सारली जाते.

वस्तुतः यांपैकी अनेकांच्या बाबतीत दोष हृदयातील विद्युत्प्रवाहाच्या मार्गात असतो. विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे ठोके मिनिटास साधारणतः ६० ते १०० असतात. प्रत्येक ठोक्याची प्रेरणा हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात उगम पावते आणि वरच्या व खालच्या कप्प्यांमधील एका गाठीतून किंचित थबकून खाली उतरते. जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये या गाठीचे वर्णन केले. काही व्यक्तींच्या गाठीत एकाऐवजी दोन वाटा असतात. काहींच्या हृदयात वरचे व खालचे कप्पे जोडणारा स्नायूचा जादा धागा जन्मतःच असतो. एका वाटेने खाली गेलेली प्रेरणा दुसरीने वर परतली, की ती घाण्याच्या बैलासारखी फिरत राहते. मग ठोके मिनिटास बहुधा १५० ते २२० पर्यंत जातात. जादा धाग्याशी निगडित विकाराचे वर्णन वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या डॉक्टरांनी १९३० मध्ये केले. त्यांनी अभ्यासलेले ११ रुग्ण बहुतांशी निरोगी तरुणच होते.

ताप, रक्तक्षय, थायरॉईडचे विकार किंवा चिंता यांमुळेही नाडी जलद होते; परंतु तो वेग बहुधा हळूहळू चढतो व हळूहळू उतरतो. दिव्याचे बटण दाबावे तशी अचानक सुरुवात व अचानक शेवट, ही या विकाराची खूण होय. निदानाची खरी किल्ली म्हणजे धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. ती थांबल्यावर काढलेला आलेख पुष्कळदा निर्दोष येतो. म्हणून झटका येताच जवळच्या ईसीजीची सोय असलेल्या आरोग्य केंद्रात जावे, आलेखाची प्रत जपून ठेवावी आणि झटक्याची वेळ व कालावधी लिहून ठेवावा.

निदान झालेल्या रुग्णास डॉक्टर एक साधी कृती शिकवू शकतात. श्वास रोखून १५ सेकंद जोर करावा व लगेच उताणे झोपवून दुसऱ्याने त्याचे पाय १५ सेकंद उचलून धरावेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ४२८ रुग्णांच्या अभ्यासात या रीतीने ४३ टक्के रुग्णांची धडधड मिनिटभरात थांबली. पाय न उचलता केवळ जोर करणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. मानेवरील शीर मात्र कोणीही स्वतः दाबू नये.

याने भागले नाही, तर रुग्णालयात शिरेतून दिलेल्या ॲडिनोसिनच्या इंजेक्शनाने बहुतेक झटके काही सेकंदांत थांबतात. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी गोळ्या आहेत. कायमचा उपायही आहे. जांघेतील शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन दोषयुक्त वाट उष्णतेने बंद करतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ होत गेलेला हा उपचार १०० पैकी ९० हून अधिक रुग्णांत यशस्वी होतो. त्यात छाती उघडावी लागत नाही.

हा विकार बहुधा जीवघेणा नसतो. तथापि धडधडीबरोबर शुद्ध हरपणे, छातीत दुखणे वा धाप लागणे, किंवा कुटुंबात तरुण वयात अकस्मात मृत्यू घडलेला असणे, ही धोक्याची चिन्हे होत. धडधडीबरोबर अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षक व पंचायत सदस्य यांचे कार्य येथे मोलाचे आहे. चक्कर येऊन बसलेल्या विद्यार्थिनीस ढोंगी न ठरवता घड्याळ लावून तिची नाडी मोजावी आणि तिला वेळेत आरोग्य केंद्रात पोचवावे. तेथे मिळालेली कागदाची एक पट्टी तिची अनेक वर्षांची वणवण वाचवू शकते.