मित्रांसह लंडन पाहताना : ज्येष्ठांच्या प्रवासातील एक न बोललेली अडचण

साठी-सत्तरी ओलांडलेल्या मित्रमंडळींनी परदेशी जाण्याचा बेत आखला, की घरातील तरुण मंडळी प्रथम गुडघ्यांविषयी विचारतात, मग साखरेविषयी आणि त्यानंतर रक्तदाबाविषयी. हे तिन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु चौथा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि ज्याची ती अडचण असते तोही आपणहून सांगत नाही. तो प्रश्न लघवीचा. हा विषय काहींना संकोचाचा वाटेल. पण या संकोचामुळेच आमच्या एका ज्येष्ठ मित्राचा जीव लंडनच्या रस्त्यावर टांगणीला लागला होता. सोबत मी, एक डॉक्टर, असूनही.

साकोली तालुक्यातील एकोडी येथे मी अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. आमच्या पाच जणांच्या गटात बहात्तर वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना आम्ही सारे ‘गुरुजी’ म्हणतो. एक निवृत्त पोस्टमास्तर, राईस मिल चालवणारे एक मित्र, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. पोस्टमास्तरांचा मुलगा लंडनला नोकरीस असल्याने उतरण्याची सोय झाली आणि जून महिन्यात आम्ही निघालो.

लंडनच का, याचे उत्तर गुरुजींपाशी होते. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. गुरुजींच्या वडिलांनी त्यांना मत दिले होते आणि त्या पराभवाची खंत ते अखेरपर्यंत बोलून दाखवीत. विद्यार्थिदशेत, १९२१-२२ च्या सुमारास, बाबासाहेब लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. ‘वडिलांच्या वतीने त्या उंबरठ्यावर एकदा उभे राहायचे आहे,’ एवढीच गुरुजींची इच्छा होती.

तयारी कशी केली

प्रवासाआधी तीन महिने मी सर्वांना चालण्याचा नेम लावून दिला. आरंभी रोज पंधरा मिनिटे, दर आठवड्याला थोडी वाढ, आणि शेवटी सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास. नवे बूट प्रवासाच्या महिनाभर आधीच वापरात आणले. कारण नव्या बुटाचा फोड मधुमेही माणसाला महाग पडू शकतो. औषधांची यादी इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह लिहून घेतली. सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवली. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते मोठ्या सामानात कधीच देऊ नये; विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. प्रवासविमा काढताना जुने आजार लपवले नाहीत, कारण लपवलेल्या आजारासाठी विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

मुंबईहून लंडनचे विमान सुमारे साडेनऊ-दहा तासांचे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून दर तासाला पावले वर-खाली हलवणे आणि अधूनमधून उठून फेरी मारणे हे आम्ही सर्वांनी पाळले. आपल्या भागात सिकल सेलचा आजार बराच आढळतो. प्रत्यक्ष आजार असलेल्या रुग्णांनी दीर्घ विमानप्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. उंचीवरचा कमी प्राणवायू, थंडी आणि पाण्याची कमतरता यांनी त्यांना त्रास उद्भवू शकतो. केवळ वाहक असलेल्यांना सहसा अडचण येत नाही.

इतके सगळे केले. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला.

शहर कसे पाहिले

भारतातील घड्याळ जूनमध्ये लंडनच्या साडेचार तास पुढे असते. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवला. दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टरचा पूल ओलांडताना एका काठावर संसदेची इमारत आणि समोरच्या काठावर सेंट थॉमस रुग्णालय दिसले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये परिचारिकांचे शिक्षण देणारी आपली शाळा याच रुग्णालयाशी जोडून सुरू केली होती. दुपारी सोहो भागातील ब्रॉडविक स्ट्रीटवर गेलो. तेथे दांडा नसलेला एक हातपंप स्मारक म्हणून उभा आहे. १८५४ च्या पटकीच्या साथीत या परिसरात सहाशेहून अधिक माणसे दगावली. साथ हवेतून नव्हे तर पाण्यातून पसरते, हे डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांचा नकाशा मांडून दाखवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. खेड्यात वर्षानुवर्षे ‘पाणी उकळून प्या’ असे सांगणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला ते तीर्थस्थानच वाटले.

उंच ठिकाणी चढण्याचा मोह आम्ही टाळला. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटाच्या माथ्यावर जायला ५२८ पायऱ्या आहेत. भुयारी रेल्वे १८६३ पासूनची. तिची अनेक जुनी स्थानके पायऱ्यांचीच आहेत. कॉव्हेंट गार्डन स्थानकाच्या गोल जिन्याला १९३ पायऱ्या आहेत. म्हणून आम्ही शहर बसने पाहिले. तेथील बसची पायरी खालच्या पातळीवर असते, चाकाच्या खुर्चीसाठी उतरंडीची फळी असते आणि ज्येष्ठांसाठी आसने राखीव असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रिटिश म्युझियम पाहिले. तेथे प्रवेशशुल्क नाही आणि चाकाच्या खुर्च्याही विनामूल्य मिळतात. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहताना गुरुजींना आपल्या पवनीच्या स्तूपाचे अवशेष आठवले. याच वास्तूतील ग्रंथालयात बाबासाहेब तासन्‌तास अभ्यास करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गुरुजी तेथून हलायला तयार नव्हते. जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे वेळेचे भान सुटते आणि जेवणाची वेळ टळते. आमचेही तसेच झाले. दुपारी उशिरा आम्ही किंग हेन्रीज रोडकडे जाणारी बस धरली.

बसमध्ये काय घडले

उतरण्याचा थांबा आला. गुरुजी आसनावरून उठले, दोन पावले टाकली आणि दांड्याला धरतच खाली कोसळले. चेहरा पांढरा, अंगाला घाम, नाडी मंद. मी त्यांना तेथेच आडवे करून पाय उंच धरले. मिनिटभरात ते शुद्धीवर आले. माझ्या पिशवीतील यंत्राने रक्तदाब पाहिला. निजलेल्या स्थितीत वरचा आकडा ११० होता. आधार देऊन बसवताच तो ८४ वर आला. चालकाने बस थांबवून ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी हृदयाचा आलेख काढला, साखर तपासली. दोन्ही ठीक होते. तरीही वयाचा विचार करून त्यांना काही तास रुग्णालयात ठेवण्यात आले.

तेथे पडद्याआड गुरुजींनी मला खरे काय ते सांगितले.

“डॉक्टर, सकाळपासून अर्धा कप चहाच घेतला होता. पाणी मुद्दामच प्यायलो नाही. काल पुलावर असताना एकदम घाई झाली, कुठे जायचे ते कळेना. कपडे ओले झाले. कोट असल्यामुळे तुमच्या लक्षात आले नाही. माझ्यामुळे तुम्हा सर्वांना सारखे थांबावे लागू नये म्हणून पाणी बंद केले.”

पुढे कळले, की प्रोस्टेटसाठी ते आठ महिन्यांपासून दुसऱ्या एका तज्ज्ञांची गोळी घेत होते. संकोचापोटी ती त्यांनी मला सांगितली नव्हती, यादीतही लिहिली नव्हती. आणि मी त्यांना रक्तदाबासाठी दिलेल्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते.

वाचकहो, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते समजून घ्या. प्रोस्टेटच्या काही गोळ्या मूत्रमार्गाबरोबर रक्तवाहिन्यांनाही सैल करतात. लघवी वाढवणारे औषध शरीरातील पाणी व क्षार कमी करते. त्यात पाणीच प्यायले नाही, तर माणूस उभा राहताच रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूला पुरेसे पोचत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते; म्हणून ‘तहान लागली नाही’ याचा अर्थ ‘पाण्याची गरज नाही’ असा होत नाही. गुरुजींचे डोके त्या लोखंडी दांड्यावर आपटले असते किंवा खुब्याचे हाड मोडले असते, तर हा लेख मला वेगळ्या प्रकारे लिहावा लागला असता.

दोष मी गुरुजींना देत नाही. तीन महिने तयारी करून घेताना मी गुडघे, साखर, पाय सारे तपासले. ‘लघवीला किती वेळा जावे लागते, घाई होते का, त्यासाठी कोठले औषध चालू आहे का,’ एवढे विचारले नाही. रात्री आम्ही सर्व बसलो असता गुरुजींनी स्वतःच ही हकीकत सांगितली. तेव्हा थोड्या वेळाने वहिनी खाली पाहत म्हणाल्या, “भाऊजी, मीही दोन दिवस पाणी कमीच पीत होते.” त्यांना खोकताना, शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास होता. तीन बाळंतपणे झालेल्या अनेक स्त्रियांना तो असतो आणि बहुतेकजणी तो कोणाला सांगत नाहीत. पाचांपैकी दोघे, एकाच कारणासाठी, एकमेकांच्या शेजारी बसून तहानलेले राहिले होते.

आपण काय करावे

प्रवासाला निघण्यापूर्वी दोन-तीन महिने आपल्या डॉक्टरांना ही अडचण स्पष्ट सांगा. पुरुषांत प्रोस्टेटवर, स्त्रियांत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामावर आणि दोघांतही मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर व मधुमेहावर उपचार होऊ शकतात. स्नायूंच्या व्यायामाला गुण येण्यास काही आठवडे लागतात, म्हणून वेळ हाताशी हवा. घेत असलेली प्रत्येक गोळी, मग ती कोणत्याही डॉक्टरांची असो, एकाच यादीत लिहा. लघवी वाढवणारी गोळी फिरण्याच्या दिवशी वेगळ्या वेळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने ती बंद करू नका.

पाणी तोडू नका. दिवसभर थोडे थोडे प्या. चहा-कॉफी मात्र मर्यादित ठेवा. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. घाई होण्याची वाट न पाहता घड्याळ लावून दर दोन-अडीच तासांनी स्वच्छतागृहात जा. शोषक पॅड वापरण्यात कमीपणा मानू नका. उठताना आधी पाय हलवा, क्षणभर बसा, मग आधार धरून उभे राहा. वाहन पूर्ण थांबल्यावरच आसन सोडा. पिशवीत क्षार-साखरेच्या मिश्रणाची पाकिटे ठेवा.

आणि शहराचा नकाशा स्वच्छतागृहांच्या हिशेबाने आखा. लंडनमध्ये मोठी संग्रहालये विनामूल्य असल्याने तेथील सोयही सहज वापरता येते. मोठ्या रेल्वे स्थानकांवरील स्वच्छतागृहे २०१९ पासून निःशुल्क झाली आहेत. पुढचे दिवस आम्ही असेच आखले. दोन ठिकाणे कमी पाहिली, पण थांबण्याची सूचना आता कोणा एकाला करावी लागत नव्हती. वेळ झाली की सगळेच थांबत होतो.

मुला-सुनांना एक विनंती. आईवडिलांना सहलीला धाडताना ‘पाणी पीत जा’ एवढे सांगून थांबू नका. ते का पीत नाहीत, हे एकांतात, हळुवारपणे विचारा. हा प्रश्न लंडनला जाणाऱ्यांपुरता नाही. पंढरपूरच्या एसटीत, काशीच्या रेल्वेत, लग्नाच्या वऱ्हाडातही कित्येक वडीलधारी माणसे याच भीतीने दिवसभर कोरड्या तोंडाने बसलेली असतात. काहींनी तर बाहेर पडणेच सोडलेले असते, आणि घरच्यांना वाटते की त्यांना आता फिरण्याची हौस राहिली नाही.

एक दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा किंग हेन्रीज रोडला गेलो. या वेळी वाटेत दोनदा थांबलो. गुरुजींच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती अर्धी रिकामी झाली होती. घरासमोर आल्यावर त्यांनी चपला नीट केल्या, कोटाची गुंडी लावली आणि उंबरठ्यावर काही क्षण हात जोडून उभे राहिले. आत जिना होता. “हळू चढू,” ते म्हणाले, आणि कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवीत, आमच्या पुढे वर गेले.