शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज

दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाच्या निकाहसाठी आम्ही डोंगरकड्याहून मुंबईला गेलो. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस धरली. सोबत अम्मी आणि सातवीतली आमची लेक. घरी उर्दू, शाळेत मराठी बोलणारी ही मुलगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मध्येच अडखळली, मुले हसली. तेव्हापासून "आता स्टेजवर जाणारच नाही" म्हणून बसली होती. आम्ही शिक्षक, पण आमची समजूत घरातच चालेना.

वलीमा उरकल्यावर मामूजान आम्हा सर्वांना गिरगावजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये नाटकाला घेऊन गेले. १९११ मध्ये बादशाह पंचम जॉर्ज यांच्या हस्ते याचे उद्घाटन झाले. पुढे इथे बालगंधर्व गायले, मग सिनेमे लागले. १९९३ मध्ये दार बंद झाले, ते दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये उघडले. घुमटाच्या आठ भागांत कवी-नाटककारांना मानवंदना दिलेली आहे. ती पाहता पाहता मान अवघडली.

मामूजाननी पृथ्वीराज कपूर यांची आठवण सांगितली. फाळणीच्या वर्षी, १९४७ मध्ये, त्यांच्या पृथ्वी थिएटर्सने 'पठाण' हे नाटक इथे केले. त्यात हिंदू मित्राच्या मुलाला वाचवण्यासाठी पठाण आपला एकुलता मुलगा देतो. प्रयोग संपला की पृथ्वीराज दारात झोळी घेऊन उभे राहत आणि गरजूंसाठी मदत गोळा करत.

"एवढा मोठा माणूस, लाज नाही वाटली?" अम्मीने विचारले.

"दुसऱ्यासाठी उभे राहायचे, तर लाज कसली आपा?" मामूजान म्हणाले.

लेक गप्प बसून ऐकत होती.

आमची जागा वर, अगदी मागे होती. नट ओरडत नव्हता, तरी शब्द न् शब्द कळत होता. मध्यंतरात लेक म्हणाली, "तो शेवटच्या रांगेकडे बघून बोलतो."

वाचक भगिनी-बांधवांनी मुंबईला गेल्यावर कार्यक्रम पाहून तिकीट काढावे. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येते.

अम्मीला हल्ली कमी ऐकू येते. आता मगरिबनंतर अंगणाच्या एका टोकाला लेक उभी राहते, दुसऱ्या टोकाला तसबीह घेऊन अम्मी बसते. शब्द चुकला की दोघी हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

परवा शाळेत यंदाच्या स्पर्धेची यादी पाहिली. त्यात लेकीचे नाव होते. ते आम्ही लिहिलेले नव्हते.